आठवी ‘ब’चा मुद्देमाल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं पुढं हा किस्सा हसण्यासारखा राहत नाही. तसा तो गावात लई चालतो. हॉटेलात बसलो की कुणीतरी चहा सांगतं आणि म्हणतं, सर, ते शिक्क्याचं सांगा की. मी सांगतो. पण मी जे सांगतो ते कुणी ऐकत नाही, आणि लोक जे ऐकतात ते मी सांगितलेलंच नसतं. तुम्ही तरी नीट ऐका. चहा गार झाला तरी चालेल.

तर, मी कदम. लोह्याजवळच्या एका मोठ्या गावात हायस्कूलला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो. नागरिकशास्त्राची इज्जत काय असते हे तुम्ही पण शाळेत गेलाच असाल, तेव्हा माहीत असेलच. वेळापत्रकात आमचा तास शेवटचा. त्या तासाला गणिताचे सर दारात येऊन उभे राहतात आणि म्हणतात, कदम सर, आजचा तास द्या, माझा पोर्शन राहिलाय. आणि मी देतो. सगळ्या आईबापांचे डोळे लातूरकडं लागलेले. दहावी झाली की लेकरू लातूरला टाकायचं, नीटचे क्लास लावायचे आणि डॉक्टर करून परत आणायचं. दुसऱ्याला कशाला नावं ठेवू, माझं स्वतःचं पोरगं तिथंच आहे. त्याला एकदा सहज विचारलं, सत्र न्यायालय म्हणजे काय रे? तो म्हणाला, "पप्पा, हे नीटला येत नाही."

आता आठवीच्या पुस्तकात न्यायव्यवस्थेचा धडा आहे. दिवाणी कायदा, फौजदारी कायदा, खालचं कोर्ट, वरचं कोर्ट. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती आणि मी उजळणी घेत होतो. पोरं पाढे म्हणावेत तशी सुरात म्हणायची, गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानला जातो. म्हणजे काय, असं विचारलं की सगळा वर्ग पंख्याकडं बघायचा. एकानं हात वर केला. मला वाटलं, चला, कुणाला तरी प्रश्न पडला. तो म्हणाला, सर, चारशेवीस आता राहिलं न्हाई म्हणं? मी समजावलं, कायदा नवीन आलाय, कलमांचे नंबर बदललेत. तो विचारात पडला. म्हणाला, "पण आमचे आबा चुलत्याला अजून चारशेवीसच म्हणतेत."

वर्ग हसला, आणि त्या हसण्यातच माझ्या डोक्यात ती कल्पना आली. इथूनच माझं घोडं पेंड खायला लागलं, हे तेव्हा कळलं नाही. मी म्हटलं, हे असं पाठ करून होणार नाही. वर्गातच कोर्ट भरवू. चोरी होईल, तक्रार होईल, झडती, पंचनामा, खटला, निकाल, सगळं रीतसर. एकदा डोळ्यांनी बघितलं की पोरं जन्मात विसरणार नाहीत.

तेवढं मात्र खरं झालं. कुणीच विसरलं नाही.

भूमिका वाटायला घेतल्या. न्यायाधीश सरपंचांचा ओंकार. त्याचा आवाज खणखणीत आहे, हे मी वर्गाला दिलेलं कारण. वडील शाळा समितीवर आहेत, हे न दिलेलं. सरकारी वकील मेडिकलवाल्यांची मुलगी. फौजदार व्हायला तर अर्धा वर्ग उभा राहिला. पंच मिळाले, कोर्टाचा शिपाई मिळाला. आरोपी काही मिळेना. एक म्हणाला, घरचे मारतेत सर. दुसरी म्हणाली, माझ्या आईला कळलं तर ती शाळेत येऊन भांडंल. तिसऱ्याच्या वडलांनी मागं एकदा खरंच भांडण केलं होतं, स्नेहसंमेलनात पोराला दरोडेखोर केलं म्हणून. ते आठवून मी त्याच्याकडं बघितलंच नाही. मग सगळ्या वर्गावरून नजर फिरवली आणि म्हटलं, "प्रज्ञा, तू हो."

प्रज्ञा वाघमारे. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहते. पोरगी हुशार, धीट, तोंडानं चुरचुरीत. ती लगेच म्हणाली, होते की सर, पण मी सुटणार. मी म्हटलं, सुटायचं का नाही ते कोर्ट ठरवतं. तर म्हणते, "न्हाई सर, मी सुटणारच. मी चोरीच केली न्हाई तर पुरावा कुठून आणणार?"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्यामागं मागं. आरोपीला कोणकोणते हक्क असतेत सर? मी मोठ्या हौसेनं सांगितले. अटक का केली ते विचारायचा हक्क. वकील मागायचा हक्क. स्वतःच्या विरुद्ध बोलायची सक्ती नाही, म्हणजे गप्प राहण्याचा हक्क. तिला तो शेवटचा लई आवडला. दिवसभर म्हणत फिरली. मैत्रिणीनं पेन मागितला तरी म्हणायची, मला गप्प राहण्याचा हक्क आहे.

पण माझ्या डोक्यात ते ‘पुरावा कुठून आणणार’ अडकून बसलं होतं. मास्तरकी फार वाईट. पोरगं बरोबर बोललं की आनंद व्हायच्या आधी ते खोडून काढावंसं वाटतं. म्हटलं, थांब, तुला पुरावा दाखवतो.

कोर्ट भरायचं त्या दिवशी सकाळीच हेडमास्तरांनी मला शाळेचा गोल शिक्का दिला होता. परीक्षेच्या कोऱ्या उत्तरपत्रिकांवर मारायला. आता या शिक्क्याबद्दल तुम्हाला सांगायला पाहिजे. हेडमास्तर एक वेळ घरची किल्ली कुणाला देतील, पण शिक्का देत नाहीत. बोनाफाईडवर शिक्का, दाखल्यावर शिक्का, शिक्का नसेल तर तुम्ही या शाळेत शिकलात याला काही आधारच नाही. त्यांच्या टेबलाच्या कुलपाच्या खणात तो एका जुन्या मिठाईच्या डब्यात असतो. माझा हात त्या डब्याला लागला आणि मला वाटलं, वा, मुद्देमाल म्हणावा तर असा.

मधल्या सुट्टीत पोरं खिचडीला गेली. वर्ग रिकामा. मी इकडं तिकडं बघितलं, प्रज्ञाच्या दप्तराची मागची चेन उघडली, शिक्का आत सरकवला आणि चेन लावली. कुणाला सांगितलं नाही. फौजदाराला नाही, न्यायाधीशाला नाही, प्रज्ञाला तर नाहीच. शेवटच्या दोन तासांना कोर्ट भरणार होतं. झडतीत शिक्का निघाला की पोरीचं तोंड कसं होईल, आणि मग मी कसं समजावून सांगेन की बघा, वस्तू सापडली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नसतं, वस्तू तिथं कुणी ठेवली हे पण बघावं लागतं. काय सुंदर धडा होता. मला स्वतःचाच अभिमान वाटला.

मग आठवलं, न्यायाधीशाला काळा गाऊन पाहिजे. तालुक्याच्या कोर्टात माझा एक वकील मित्र आहे. तास मोकळा होता, मोटारसायकल काढली आणि गेलो. कोर्टाच्या आवारात गेल्यावर भल्या माणसासारखा फोन सायलेंटवर टाकला. मित्र एका तारखेत अडकलेला. त्याची वाट बघत बाकड्यावर बसलो. समोर खरे आरोपी बसले होते, खरे पोलीस तंबाखू मळत होते, आणि मी मनातल्या मनात पोरांना ते सगळं वर्णन करून सांगत होतो. खिशात फोन थरथरत होता तो मला कळलाच नाही.

फोन हेडमास्तरांचा होता. शाळा तपासणारे केंद्रप्रमुख अचानक आले होते आणि त्यांना एका कागदावर शिक्का पाहिजे होता. हेडमास्तरांनी माझं टेबल बघितलं. डबा होता, शिक्का नव्हता. पुढचं सगळं मला नंतर ओंकारनं सांगितलं, आणि त्याला सांगताना इतका आनंद झाला होता की मध्ये थांबवायची सोय नव्हती.

हेडमास्तरांनी आधी मला फोनावर फोन लावले. मग विचारलं, कदम सरांच्या टेबलाकडं कोण आलं होतं. कळलं, आठवी ब ची पोरं उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उचलायला आली होती. तसे ते तरातरा आठवी ब मध्ये आले, मागं केंद्रप्रमुख. म्हणाले, शिक्का चोरीला गेलाय, दप्तरं तपासायची आहेत.

आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या.

का नाही वाजवणार? त्यांना वाटलं, कोर्टाचा खेळ सुरू झाला. कदम सरांनी हेडमास्तरांना पण घेतलं नाटकात, आणि पाहुणे पण आणले. फौजदार झालेलं पोरगं पुढं आलं आणि कडक सलाम ठोकून म्हणालं, साहेब, आधी फिर्याद नोंदवा. दोन्ही पंच आपापल्या बाकावरून उठून रांगेत उभे राहिले. हेडमास्तर ओरडले तशी पोरं आणखी खूश झाली, कारण काय अभिनय करतेत राव.

एवढ्या दप्तरांमधून हेडमास्तरांनी पहिलं कोणतं उचललं असेल? बाकांच्या ओळी ओलांडून, ओंकारचं सोडून, मेडिकलवाल्यांच्या मुलीचं सोडून, ते सरळ खिडकीशी प्रज्ञाच्या बाकाजवळ गेले. मागची चेन उघडली. शिक्का निघाला. त्यांनी तो वर धरून केंद्रप्रमुखांना दाखवला आणि म्हणाले, माझा अंदाज चुकत न्हाई.

खरंच चुकला नाही. कसा चुकेल? मी शिक्का ठेवताना ज्या अंदाजानं ठेवला, त्याच अंदाजानं त्यांनी तो शोधला. पण हे मला तेव्हा सुचलं नव्हतं, जरा थांबा.

प्रज्ञाला वाटलं, आपली वेळ आली. बाकापासून बाजूला झाली, हात मागं बांधले, आणि पाठ केलेलं खणखणीत म्हणून दाखवलं. "मला अटक का केली ते सांगा. मला वकील पाहिजे. आणि मला गप्प राहण्याचा हक्क आहे."

वर्गानं पुन्हा टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांचा चेहरा कसा झाला असेल ते डोळ्यांपुढं आणा. चोरी करून वर हक्क सांगते, तेही वरिष्ठांसमोर. त्यांनी तिला ऑफिसबाहेर उभं केलं आणि तिच्या आईला फोन लावला. सांगितलं, पोरीचा दाखला घेऊन जा, आणि दाखल्यावर वर्तनाच्या रकान्यात काय लिहायचं ते मी बघतो. तुम्हाला ठाऊक आहे ना, तो एक शब्द माणसाबरोबर कुठवर जातो? पुढच्या प्रत्येक शाळेच्या दारात आधी तोच वाचतात.

आणि या सगळ्यात मी आलो. कसा आलो ते सांगू? गाऊनला सुरकुत्या पडू नयेत म्हणून अंगात घालून. मोटारसायकलवर तो फडफडत होता, आणि रस्त्यानं दोन ठिकाणी लोकांनी रामराम वकीलसाहेब केलं होतं. मी लई खुशीत होतो.

ऑफिसच्या बाहेर प्रज्ञा उभी. मला बघून तिला हायसं वाटलं असावं. पण हसली नाही. हळूच म्हणाली, "सर, हे खेळातलं हाय का खरं हाय?"

मी म्हटलं, खेळातलं आहे बेटा. ती म्हणाली, "मग माझ्या आईला कामावरून कशाला बोलावलं?"

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. तसाच आत गेलो आणि केंद्रप्रमुखांसमोरच म्हणालो, सर, शिक्का मी ठेवला होता तिच्या दप्तरात, उजळणीसाठी. हेडमास्तरांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या गाऊनकडं बघितलं, आणि त्यांचे डोळे एकदम पाणावल्यासारखे झाले. मला बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवला.

"कदम सर, मला कळतंय. तुम्ही मनानं लई मऊ हाव. लेकराचं वर्ष जाऊ नये म्हणून अंगावर घेऊन राहिलाव. पण अशानं हे लोक शेफारतेत."

मी म्हटलं, सर, खरंच मी ठेवला. ते म्हणाले, बास आता. मी म्हटलं, आईशप्पथ. ते म्हणाले, मास्तरनं खोटी शप्पथ घेऊ नये. मागं दारात ओंकार उभा होता, त्यानं हात वर केला आणि म्हणाला, सर, तुम्हीच शिकिवलंय, नुसत्या कबुलीवर गुन्हा सिद्ध होत न्हाई, पुरावा लागतो. वर्षभरात त्या पोरानं एक उत्तर बरोबर दिलं, आणि ते कधी दिलं बघा.

प्रज्ञाची आई अर्ध्या तासात आली. शेजारच्या गावात त्या ग्रामसेविका आहेत. स्कूटी लावली, हेल्मेट काढलं, पोरीकडं एकदा बघितलं आणि सरळ ऑफिसात. त्यांनी आवाज चढवला नाही. पर्समधून एक शिक्का काढला आणि टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "सर, हा माझा हाय. ग्रामपंचायतीचा. माझ्या घरात रोज दिवाणावर पडलेला असतो. माझ्या लेकराला शिक्क्याची हौस असती तर तिला तुमच्या खणापर्यंत यायची काय गरज?"

हेडमास्तर काही बोलायच्या आत मी पुढं झालो आणि सगळं सांगितलं. खिचडीची सुट्टी, मागची चेन, गाऊन, कोर्ट, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी माझ्यावर विश्वास ठेवणारं पहिलं माणूस त्याच. मान हलवली आणि म्हणाल्या, "मानते. तुम्ही ठेवला. पण तिच्याच दप्तरात का?"

मी म्हटलं, ती आरोपी होती ना खेळात. त्या म्हणाल्या, आरोपी तिलाच का केलं? मी म्हटलं, धीट आहे, बोलकी आहे. त्या म्हणाल्या, मग वकील करायचं, वकिलाला जास्त बोलावं लागतं. मी म्हटलं, तसं काही मनात नव्हतं मॅडम. त्या म्हणाल्या, मनात काय नव्हतं ते विचारत न्हाई, काय होतं ते विचारते.

मी गप्प बसलो. गप्प राहण्याचा हक्क मीच शिकवला होता, तो पहिल्यांदा मीच वापरला.

त्यांना सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो. वर्गावरून नजर फिरवताना मी एकच हिशोब केला होता. कुणाच्या घरचे भांडायला येणार नाहीत? बाकी काही नाही. एवढाच हिशोब, आणि तो करायला मला निमिष पण लागलं नाही. मी संविधान दिनाला अख्ख्या शाळेकडून प्रास्ताविका म्हणून घेतो. जयंतीला विहारात जाऊन समतेवर भाषण करतो, पांढरा शर्ट घालून. दरवर्षी लोक टाळ्या वाजवतात. आणि नजर मात्र बरोबर तिच्यावर जाऊन थांबली, विचारायची पण गरज पडली नाही. हा हिशोब मला कुणी शिकवला नव्हता, आणि हेडमास्तरांना पण नाही. आमच्याकडं तो आपसूक येतो.

हेडमास्तरांना केंद्रप्रमुखांसमोर विषय लांबवायचा नव्हता. आमच्याकडं खून सोडला तर सगळं चहावर मिटवतात. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. शिक्का सापडला, विषय संपला. लेकरू हाय, मी तिला माफ केलं."

प्रज्ञाच्या आईनं विचारलं, कशाबद्दल माफ केलं? हेडमास्तर म्हणाले, "चहा घ्या." त्यांनी चहा घेतला नाही. दाखला द्यायचं टळलं, वर्तनाच्या रकान्यात काही लिहिलं गेलं नाही. पण जाताना त्या मला म्हणाल्या, उद्या परिपाठाला सगळ्या शाळेसमोर सांगा, तुम्ही ठेवला म्हणून. माझ्या पोरीला माफी नको, नाव साफ पाहिजे.

मी म्हटलं, सांगतो. आणि सांगितलं, बरं का. एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवा.

दुसऱ्या दिवशी राष्ट्रगीत झालं, प्रास्ताविका झाली, सुविचार झाला. मी माईक हातात घेतला. रात्रभर जुळवलेलं एकदम साधं वाक्य बोललो. शिक्का मी ठेवला, प्रज्ञा वाघमारेनं काहीही केलेलं नाही, चूक माझी आहे. रांगेत प्रज्ञा उभी होती, तिच्याकडं बघून बोललो. फाटकाजवळ तिची आई स्कूटी थांबवून ऐकत होती. मला वाटलं, जमलं.

हेडमास्तर पुढं आले. माझ्या हातातून माईक घेतला. घसा साफ केला.

"विद्यार्थी मित्रांनो, असा शिक्षक मिळायला भाग्य लागतं. एका लेकराची चूक पोटात घालून, सगळ्या शाळेपुढं स्वतःच्या अंगावर घेणारा गुरू तुम्हाला दुसरीकडं बघायला मिळणार न्हाई. जोरदार टाळ्या."

अशा टाळ्या त्या मैदानावर पंधरा ऑगस्टला पण पडल्या नव्हत्या. मी हातवारे करून राहिलो, नाही नाही म्हणून राहिलो, तर लोक म्हणाले बघा किती विनयशील. फाटकाकडं बघितलं. स्कूटी निघून गेली होती.

तिथून पुढं जे सुरू झालं ते अजून थांबलं नाही. हॉटेलवाला म्हणाला, सर, मन लई मोठं तुमचं. मी म्हटलं, अरे, मीच ठेवला होता. तो बाकीच्यांना म्हणाला, बघा, अजून बी म्हणून राहिले. चाकूरहून माझ्या सासऱ्यांचा फोन आला, ऐकून ऊर भरून आला म्हणाले. जितकं खरं सांगावं तितका मी मोठा होत चाललो, आणि जितका मी मोठा झालो तितकी ती पोरगी चोर ठरत गेली. हेडमास्तरांनी तर माझं नाव तालुक्याच्या आदर्श शिक्षक पुरस्काराला पाठवतो म्हणून सांगितलं. मी हात जोडून नको म्हटलं. त्यांनी तेही कौतुकाच्या यादीत धरलं.

आणि प्रज्ञा? ती रोज येत होती. प्रश्न विचारायचं बंद केलं होतं. दप्तर पायाशी ठेवायची सवय होती, ते आता मांडीवर ठेवायची. खिचडीला जाताना सोबत न्यायची. ताट एका हातात, दप्तर दुसऱ्या. पोरी हसायच्या. मी एकदा म्हटलं, बेटा, दप्तर वर्गात ठेव, कुणी हात लावत नाही. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं फक्त. मी स्टाफरूममध्ये निघून आलो.

परीक्षा झाली. पेपर मीच काढला होता आणि तो या भानगडीच्या आधीच छापून आला होता. त्यात एक प्रश्न होता, आरोपी आणि गुन्हेगार यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा. उत्तरपत्रिका तपासायला बसलो. पहिल्या गठ्ठ्यातच कळलं, कोर्ट न भरवता पण माझी उजळणी पक्की झाली होती. व्याख्या सगळ्यांनी पुस्तकातली लिहिली. उदाहरणात एकानं लिहिलं होतं, प्रज्ञा वाघमारे ही आरोपी होती, पण सरांनी माफ केल्यामुळे ती गुन्हेगार राहिली नाही. ओंकारनं लिहिलं होतं, शिक्का सापडला की आरोपीचा गुन्हेगार होतो. शब्द बदलून बदलून सगळ्या वर्गानं तेच. तपासताना माझा लाल पेन कागदावर टेकेना.

मग तिची उत्तरपत्रिका आली. अक्षर नेहमीसारखं सुरेख. आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप असतो तो, गुन्हेगार म्हणजे ज्यानं गुन्हा केल्याचं सिद्ध झालेलं असतं तो. गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष असतो. आणि खाली लिहिलं होतं : "उदाहरणार्थ, आरोपी – मी. गुन्हेगार – आमचे कदम सर. त्यांनी सर्वांसमोर कबूल केले आहे, तरी कुणी मानत नाही."

मी ते दोनदा वाचलं. मग पूर्ण गुण दिले. काय करणार, उत्तर बरोबर होतं. अख्ख्या शाळेत माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवणारी ती एकटी निघाली, आणि तिनं तो विश्वास उत्तरपत्रिकेत लिहून ठेवला होता. मला वाईट वाटलं आणि कुठंतरी बरंही वाटलं. म्हटलं, निदान कागदावर तरी आलं.

तपासलेल्या उत्तरपत्रिकांतल्या काही आमचे हेडमास्तर नमुना म्हणून बघतात. नेमकी तीच त्यांच्या हाताला लागली. चष्मा लावून वाचली, माझ्यासमोर. म्हणाले, "ज्यानं वाचवलं त्याच्यावरच उलटली, बघा." आणि तिच्या उदाहरणावर लाल पेननं आडवी रेघ मारली, बाजूला ‘चुकीचे उदाहरण’ असं लिहिलं, एक गुण कमी केला आणि खण उघडून डब्यातला तो शिक्का खाली मारला. मग उत्तरपत्रिका माझ्याकडं सरकवली. म्हणाले, बदल केलाय, सही करा.

पोरगी आता नांदेडच्या शाळेत आहे म्हणतात. चहा गार झाला ना तुमचा? दुसरा सांगतो. फक्त मी त्या कागदावर सही केली का नाही, एवढं विचारू नका. मला गप्प राहण्याचा हक्क आहे.